कालचं काम आज सापडावं



स्मृतिव्याख्यानासाठी मी विषयही स्मरणाचाच घेतला आहे. संगणकावर कुठलाही मोठा प्रोग्रॅम उघडला, की 'फाइल' मेनूत किंवा सुरुवातीच्या पडद्यावर अलीकडे उघडलेल्या प्रकल्पांची एक यादी दिसते. काल ज्या पुस्तकाची मांडणी चालली होती ते पुस्तक, परवा अर्धा राहिलेला इमारतीचा नकाशा, गेल्या आठवड्यात हातावेगळं केलेलं एखादं काम. दिवाळी अंकाची पानं लावणारा डीटीपी ऑपरेटर असो, घरांचे आराखडे काढणारी आर्किटेक्ट असो किंवा हिंजवडीत कोड लिहिणारी अभियंता असो, यांच्या कामाचा दिवस बहुधा या यादीवरच्या एका क्लिकनं सुरू होतो. आणि तरीही ती तयार करताना तिच्या वाट्याला विचार किती येतो? पुष्कळदा एका दुपारचा. दहा पत्ते साठवायचे, नवा आला की सर्वांत जुना काढायचा, झालं! मला आज एवढंच मांडायचं आहे, की ही यादी वापरणाऱ्याच्या मालकीची आहे. त्यानं केलेल्या कामाची ती नोंद आहे आणि प्रोग्रॅम तिचा राखणदार आहे. एकदा ही मालकी मान्य केली, की क्रम कसा लावायचा, नोंद कधी काढायची, ती कुणाच्या नजरेस पडू द्यायची, हे प्रश्न सुटे सुटे राहत नाहीत. त्यांची उत्तरं एकाच ठिकाणाहून येऊ लागतात.

कल्पना तशी जुनी. १९४५ साली अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी 'अटलांटिक मंथली'तल्या लेखात 'मेमेक्स' नावाचं एक यंत्र कल्पिलं होतं. संशोधक ज्या वाटेनं एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे गेला, ती वाटच यंत्रानं जपून ठेवावी, हा त्यातला गाभा. टेबलावरच्या संगणकात हा विचार उतरला तो फार साध्या रूपात. १९९४ साली ॲपलच्या सिस्टिम ७.५ मध्ये अलीकडचे दस्तऐवज ॲपल मेनूत दिसू लागले. पुढच्याच वर्षी विंडोज ९५ आलं आणि त्याच्या स्टार्ट मेनूत शेवटचे १५ दस्तऐवज मिळू लागले. २००३ पर्यंतच्या वर्डमध्ये फाइल मेनूच्या तळाशी चार नावं असत, आणि ती फार तर नऊपर्यंत वाढवता येत. प्रत्येक नावापुढे एक आकडा असे, तो दाबला की फाइल उघडे, आणि एकअंकी आकडे नऊच! २००७ च्या ऑफिसमध्ये ही मर्यादा ५० वर गेली आणि नावाशेजारी टाचणी आली. टाचणी लावलेली नोंद, मागून कितीही नवी कामं आली तरी यादीबाहेर ढकलली जात नाही. ५० या आकड्यापेक्षा ही टाचणी मला फार मोलाची वाटते. कारण तिच्यामुळे यादीत वापरणाऱ्याचा शब्द चालू लागला.

आता क्रमाकडे येऊ. शेवटी हाताळलेलं सर्वांत वर, हा नियम इतका साधा आहे की हुशार माणसाला तो सुधारावासा वाटतोच. पण त्याची ताकद आधी पाहा. जपानचे अर्थशास्त्रज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ साली कार्यालयातल्या कागदांसाठी नेमकी हीच पद्धत सांगितली. विषयवार वर्गवारी करत बसू नका. प्रत्येक कामाचा एक लिफाफा करा आणि वापरून झालेला लिफाफा फळीच्या डाव्या टोकाला ठेवा. चालू कामं आपोआप डावीकडे गोळा होतात, संपलेली उजवीकडे सरकत जातात, आणि कुठलं काम चालू नि कुठलं संपलेलं हे कुणाला ठरवावं लागत नाही. यामागे गणितही आहे. १९८५ साली संगणकशास्त्रज्ञ डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी एक गोष्ट सिद्ध केली. यादी वरून एकेक नाव पाहत शोधायची असेल आणि सापडलेलं नाव दर वेळी सर्वांत वर आणून ठेवलं, तर एकूण श्रम आदर्श पद्धतीच्या सुमारे दुपटीपलीकडे जात नाहीत. आदर्श पद्धत म्हणजे कोणती? पुढे काय काय मागितलं जाणार हे जिला आधीच ठाऊक आहे, ती! भविष्याबद्दल काहीही न जाणणारा नियम, भविष्य जाणणाऱ्यापेक्षा फार तर दुप्पट मागे. एवढ्या साध्या नियमाकडून याहून अधिक काय मागायचं?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नुसता अलीकडेपणा का पाहायचा, वारंवारताही पाहा की! २००८ साली आलेल्या फायरफॉक्स ३ या ब्राउझरनं पत्त्याच्या पट्टीत असंच केलं. एखादं पान किती वेळा आणि किती अलीकडे पाहिलं, या दोहोंचा मिळून एक गुणांक काढला आणि त्याप्रमाणे सूचना दिल्या. ती सोय लोकांना आवडली आणि योग्यच होती. पण संकेतस्थळ आणि प्रकल्प यांची जात वेगळी आहे. बातम्यांचं संकेतस्थळ आपण वर्षानुवर्षं उघडतो. प्रकल्पाला मात्र आयुष्य असतं: तो सुरू होतो, काही आठवडे दिवसरात्र चालतो आणि एक दिवस संपतो. दिवाळी अंकाची फाइल सप्टेंबर-ऑक्टोबरात शेकडो वेळा उघडली जाते. नोव्हेंबरात अंक बाजारात असतो आणि टेबलावर नवं पुस्तक आलेलं असतं. वारंवारतेचे गुण मोजणारी यादी त्या संपलेल्या अंकाला वर धरून बसेल आणि परवा सुरू झालेलं पुस्तक खाली ढकलेल. जुने गुण हळूहळू कमी करता येतात हे खरं. पण किती हळू? तो वेग ठरवणार प्रोग्रॅम, आणि वापरणाऱ्याला तो कधी कळणार नाही. माझ्या मते हरकतीचा मुद्दा हा आहे. गुणांकाचा क्रम बरोबर असला तरी तो का तसा आहे, हे मालकाला सांगता येत नाही. काळाचा क्रम एका वाक्यात सांगता येतो. ज्याचा नियम सांगता येतो त्यावर माणूस न पाहता हात टाकतो.

मग दुसरा आक्षेप: काळाचा क्रमसुद्धा रोज हलतोच ना? काल तिसऱ्या जागी असलेलं नाव आज पहिल्या जागी येतं, मग ती अस्थिरता नाही का? इथे ऑफिस २००० चा धडा आठवावा. त्यात मायक्रोसॉफ्टनं मेनू वापराप्रमाणे आपोआप बदलणारे केले. क्वचित वापरलेल्या आज्ञा लपत आणि वापरल्या की पुन्हा दिसू लागत. हेतू चांगला होता, पण आज्ञा कुठे असेल याचा भरवसा गेला आणि २००७ मध्ये वर्ड-एक्सेलसारख्या मुख्य प्रोग्रॅमांतून ते मेनूच गेले. आज्ञा आणि प्रकल्प यांत फरक हा, की आज्ञेला माणूस जागेनं ओळखतो आणि कालच्या कामाला काळानं. 'शेवटचं' हीच त्या कामाची जागा असते. जुन्या वर्डमध्ये फाइल मेनू उघडून १ दाबलं की मागचं काम उघडे. मागचं काम दर वेळी निराळं असे, पण १ चा अर्थ कधी बदलत नसे. यादी हलते ती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीमुळे, म्हणून ती हलल्याचं त्याला नवल वाटत नाही. पथ्य एकच: यादी डोळ्यांसमोर उघडी असताना तिचा क्रम बदलू नये. बोट खाली येत असताना नावं सरकली, तर नको ते काम उघडतं. ज्यांना तरीही पक्की जागा हवी, त्यांच्यासाठी टाचणी आहेच. टाचणी लावलेली नावं वेगळ्या गटात, आणि त्यांचा क्रम वापरणाऱ्यानं लावलेला.

'उघडलं' म्हणजे तरी काय, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. ई-मेलला जोडून आलेली फाइल तिथूनच उघडली, तर ती तात्पुरत्या फोल्डरात उतरते आणि पुढे कधीतरी पुसली जाते. तिची नोंद यादीत घातली तर चार दिवसांनी ती नोंद कुठेच नेत नाही. जो प्रकल्प बिघडलेला निघाला आणि उघडलाच नाही, तो यादीच्या डोक्यावर बसवायचा का? नवा असेल तर नको. पण आधीपासून यादीत असेल तर त्याला काढूही नये. दुरुस्तीसाठी त्याच नोंदीचा आधार लागणार आहे. एका वेळी तीन प्रकल्प उघडे ठेवून काम केलं आणि संध्याकाळी सगळं बंद केलं, तर सकाळी वर कोण असावं? बऱ्याच प्रोग्रॅमांत सर्वांत शेवटी उघडलेला असतो. असायला हवा तो, ज्यावर शेवटी हात होता. दुसऱ्या नावानं जतन केलं की नव्या नावाला वरची जागा मिळावी आणि जुन्याची नोंद तिच्या ठिकाणी राहावी. एखाद्या प्रकल्पातली एकच फाइल डोकावून पाहिली म्हणून तो सगळा प्रकल्प वर चढू नये. कोड लिहिण्याच्या व्हीएस कोड या प्रोग्रॅमनं या यादीत फोल्डर आणि सुट्या फाइली वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, ते मला योग्य वाटतं.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे ओळख. यादीत जे साठवलेलं असतं ते काम नसतं, कामाचा पत्ता असतो. पत्ता बदलला की काम हरवलं असं प्रोग्रॅम समजतो. माणूस तसं समजत नाही. त्यानं फोल्डराचं नाव बदललं तरी त्याच्या लेखी पुस्तक तेच असतं. ॲपलनं १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये 'एलियस' आणला. तो फाइलचा अंतर्गत क्रमांक लक्षात ठेवत असे, त्यामुळे त्याच डिस्कवर फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं तरी ती सापडे. म्हणजे उपाय तेव्हापासून माहीत आहे. तरीही आज अनेक प्रोग्रॅम निव्वळ पत्त्याची अक्षरं साठवतात. अक्षरांचं काय होतं, ते आपल्या मराठीतच पाहा. 'दुसऱ्या आवृत्तीची पानं' असं फोल्डराचं नाव आहे. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे असू शकतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल पद्धत अखंड अक्षर फोडून साठवत असे. आता प्रोग्रॅमकडे एकदा एक रूप आलं आणि दुसऱ्यांदा दुसरं, आणि त्यानं अक्षरागणिक तुलना केली, तर यादीत एकाच प्रकल्पाच्या दोन नोंदी होतात. वापरणारा दोन्ही ओळी निरखून पाहतो आणि त्याला फरक दिसत नाही. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावं एका रूपात आणायची आणि उघडताना मात्र मूळ अक्षरंच वापरायची, एवढंच काम आहे. पण ते करायचं सुचायला यादीत मराठी नाव घालून पाहावं लागतं.

आता सर्वांत जास्त त्रास देणारी चूक. पेन ड्राइव्ह काढून ठेवलेला आहे, किंवा कार्यालयातला सर्व्हर बंद आहे. प्रोग्रॅम सुरू होतो, यादीतले पत्ते तपासतो, काही सापडत नाहीत, आणि तो त्या नोंदी गुपचूप पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह जागेवर असतो आणि यादी रिकामी! हा अधिकार प्रोग्रॅमला कुणी दिला? आज सापडत नाही याचा अर्थ नाहीसं झालं असा होत नाही. नोंद फिकी करावी. तिच्यावर क्लिक केलं तर स्पष्ट सांगावं, की ही फाइल अमुक ठिकाणी होती, तिथे आता मिळत नाही; दुसरीकडे शोधायची, का नोंद काढायची? निर्णय मालकाचा. कुणी म्हणेल, अशानं मेलेल्या नोंदींचा ढीग होईल. होणार नाही, कारण काळाचा क्रम ते काम स्वतःच करतो: न वापरलेली नोंद खाली सरकत सरकत बाहेर पडते. हे तपासणंही बेतानं करावं लागतं. मेनू उघडायच्या क्षणी दहाही पत्ते तपासायला घेतले आणि त्यांतला एक बंद सर्व्हरवर असला, तर उत्तराची वाट पाहत सगळा प्रोग्रॅम थिजतो. मेनू आधी दाखवावा, तपास मागाहून चालू द्यावा. प्रोग्रॅमच्या दोन खिडक्या एकाच वेळी चालू असतील तर आणखी एक धोका असतो. दोघी सकाळी यादी वाचतात, संध्याकाळी आपापली प्रत लिहितात, आणि जी मागून लिहिते ती पहिलीच्या नोंदी पुसते. लिहिण्याआधी यादी पुन्हा वाचून दोन्हींतल्या नोंदी एकत्र करायच्या, नव्या फाइलीत लिहायच्या आणि मग तिला जुनीच्या जागी आणायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट यादी उरत नाही. आपल्याकडे वीज जाते, हे वेगळं सांगायला नको.

नावं दाखवण्याबद्दल थोडक्यात. प्रकल्पाचं नाव आधी, ठळक. तो कुठे आहे ते नंतर, बारीक. 'फायनल' नावाच्या तीन फाइली असतील, आणि आपल्याकडे असतातच, तर त्यांना वेगळं ओळखता येईल एवढा पत्ता दिसलाच पाहिजे. लांब पत्ता छाटायचा तर मधून छाटावा, कारण ओळख पटते ती बहुधा शेवटच्या फोल्डरावरून. दृष्टिहीन व्यक्ती ही यादी स्क्रीन रीडरकडून ऐकते. पत्ता आधी आला तर प्रत्येक ओळीला तिला ड्राइव्ह, युजर्स, डॉक्युमेंट्स हे सगळं ऐकून मग कामाच्या नावापर्यंत पोहोचावं लागतं. नाव आधी ठेवल्यानं डोळसांचंही काही बिघडत नाही.

शोधाची सोय असताना यादी हवीच कशाला, असंही म्हटलं जातं. शोधायला नाव आठवावं लागतं. यादीत ते नुसतं ओळखावं लागतं. मराठी माणसाच्या संगणकावर तर नाव आठवणं आणखी कठीण. फाइलीचं नाव देवनागरीत दिलं होतं की रोमन लिपीत? रोमन असेल तर 'दिवाळी'तला ळ कुठल्या अक्षरानं लिहिला होता? युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर असेल तर आतले शब्द साध्या शोधाला सापडतच नाहीत. अशा लाखो पानांवर आपला प्रकाशन व्यवसाय उभा आहे. या फाइलींपर्यंत नेणारा खात्रीचा रस्ता म्हणजे आपण त्या केव्हा हाताळल्या याची नोंद. शोध जरूर असावा, यादी लांब असेल तर यादीतच असावा. पण तो यादीच्या जोडीला.

उरला सर्वांत नाजूक मुद्दा: यादी दुसऱ्यांनाही सांगते. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा 'आपले सरकार' सेवा केंद्रात आपण कागद छापायला देतो. कुणाचं आधार कार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचा वैद्यकीय अहवाल. छपाई होते, फाइल पुसलीही जाते. पण प्रोग्रॅमच्या यादीत तिचं नाव राहतं, कधी पहिल्या पानाचं छोटं चित्रही राहतं, आणि पुढचं गिऱ्हाईक पडद्याकडे पाहत उभं असतं. विंडोज तर उघडलेल्या फाइलींचे शॉर्टकट वेगळ्या फोल्डरात ठेवते, आणि मूळ फाइल गेल्यावरही त्यांतून तिचा पत्ता आणि वेळा समजतात. सायबर तपासात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो तो यामुळेच. इथे माझ्या मांडणीला कुणी विचारेल: यादी दुकानदाराची आणि कागद गिऱ्हाइकाचे, मग मालक कोण? प्रश्न योग्य आहे. नोंद कुणाची हे जिथे स्पष्ट नाही, तिथे नोंद न करणं हेच राखणदाराचं कर्तव्य ठरतं. म्हणून एखादी फाइल नोंद न ठेवता उघडण्याची सोय हवी. एकेक नोंद काढता आली पाहिजे आणि सगळी यादी एकदम पुसताही आली पाहिजे. पुसताना टाचणी लावलेल्यांचं काय करायचं तेही विचारलं पाहिजे. 'यादी पुसा' म्हटल्यावर प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलेली नोंदही पुसली पाहिजे. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये फाइलींचा इतिहास किती दिवस ठेवायचा, की ठेवायचाच नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. अशी सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असायला हरकत काय? आणि पासवर्ड लावलेल्या दस्तऐवजाचं चित्र यादीत दिसणं हा तर सरळ विश्वासघात आहे.

या सभागृहात सॉफ्टवेअर तयार करणारे किंवा उद्या करणार असलेले बरेच जण आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पुढची आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधी आपल्याच प्रोग्रॅममध्ये 'दुसऱ्या' असं नाव असलेला प्रकल्प उघडा, त्याचं फोल्डर दुसरीकडे हलवा, पेन ड्राइव्ह काढा, सर्व्हरची तार काढा, दोन खिडक्या एकदम बंद करा, आणि मग यादी पाहा. तीत एकही नोंद तुमच्या परवानगीशिवाय गेली असेल, तर ती चूक दुरुस्त केल्याशिवाय आवृत्ती बाहेर काढू नका.